खाली पडलेला चिमटा

शस्त्रक्रियेच्या खोलीतील सर्वांत मोठा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो शत्रू म्हणजे रोगजंतू. त्याला बाहेर ठेवण्यासाठी डॉक्टर आणि परिचारिका कोणते नियम पाळतात, ते नियम कसे तयार झाले आणि त्यांत प्रामाणिकपणाला एवढे महत्त्व का आहे, हे या पाठात सांगितले आहे.

शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ एक चिमटा खाली पडतो. फरशी नुकतीच पुसलेली आहे. चिमटा चकचकीत स्टीलचा आहे. त्याला धुळीचा कणही लागलेला दिसत नाही. तो उचलून स्वच्छ फडक्याने पुसला, तर पुन्हा वापरता येईल का?

घरात आपण असेच करतो. चमचा खाली पडला, की तो नळाखाली धरतो आणि पुन्हा ताटात ठेवतो. त्याने सहसा काही बिघडत नाही. अन्नाबरोबर थोडे जंतू पोटात गेले, तरी पोटातील आम्ल त्यांतील बहुतेकांचा नाश करते. शस्त्रक्रियेची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्वचा ही आपल्या शरीराची तटबंदी आहे. शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांना या तटबंदीला दार पाडावे लागते. त्या दारातून जे आत जाईल, ते सरळ मांसात, रक्तात किंवा डोळ्यात जाते. म्हणून खाली पडलेला तो चिमटा शस्त्रक्रियेसाठी बाद ठरतो. तो कितीही चमकत असला, तरीही.

उर्दूत 'साफ' आणि 'पाक' हे दोन वेगळे शब्द आहेत. साफ दिसणारे कापड पाक असेलच असे नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. मराठीत 'स्वच्छ' आणि 'निर्जंतुक' या शब्दांत असाच एक फरक आहे. जिच्यावर मळ दिसत नाही, ती वस्तू स्वच्छ. जिच्यावर एकही जिवंत जंतू उरलेला नाही, ती निर्जंतुक. स्वच्छता डोळ्यांना दिसते. निर्जंतुकपणा दिसत नाही. सारी अडचण इथेच आहे.

ही गोष्ट समजायला माणसाला फार काळ लागला. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातील मोठ्या रुग्णालयांतही डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वी हात धूत नसत. व्हिएन्ना शहरातील रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एका विभागात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक होती. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला हे सतावत होते. १८४७ साली त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागल्यामुळे मरण पावला. त्याची लक्षणे थेट बाळंतज्वरासारखीच होती. तेव्हा सेमेलवाइसच्या मनात प्रकाश पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येत होते. मृत्यू त्यांच्याच हातांवरून येत होता.

मे महिन्यापासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षी एप्रिल महिन्यात त्या विभागात शंभर बाळंतिणींमागे सुमारे १८ जणी दगावल्या होत्या. जून महिन्यात हे प्रमाण शंभरामागे सुमारे २ वर आले. तरीही पुष्कळ डॉक्टरांना त्याचे म्हणणे पटले नाही. आपल्याच हातांनी रोगी दगावतो, हे मान्य करणे त्यांना जड गेले.

पुढे फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी सडण्याकुजण्यामागे सूक्ष्म जीव असतात, हे दाखवून दिले. ते वाचून ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी विचार केला, की जखमाही अशाच जंतूंमुळे सडत असतील. ऑगस्ट १८६५ मध्ये त्यांच्याकडे ११ वर्षांचा एक मुलगा आला. गाडीचे चाक पायावरून गेल्याने त्याचे हाड मोडून त्वचेबाहेर आले होते. अशा वेळी पाय कापणे हाच तेव्हाचा सर्रास उपाय होता. लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी जखमेवर बांधली. जखम सडली नाही. काही आठवड्यांनी तो मुलगा स्वतःच्या दोन्ही पायांवर घरी गेला.

लिस्टर जखमेतील जंतू मारत होते. त्यानंतरच्या डॉक्टरांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. जंतू जखमेत शिरल्यावर मारण्याऐवजी त्यांना शिरूच देऊ नये, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी उपकरणे, कपडे, पट्ट्या सारे आधीच निर्जंतुक करायला हवे होते. नुसते उकळणे पुरेसे नव्हते. काही जंतू संकटाच्या वेळी स्वतःभोवती कठीण कवच तयार करतात. अशा अवस्थेतील जंतूंना बीजाणू म्हणतात. बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलाँ यांनी १८७९ साली यावर उपाय काढला. त्यांनी दाबाखालील वाफेचे बंद पात्र तयार केले. त्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. तुमच्या घरातील प्रेशर कुकर त्याच तत्त्वावर चालतो. दाब वाढला, की पाणी १०० अंशांना न उकळता त्याहून अधिक तापमानाला उकळते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमानाची वाफ किमान १५ मिनिटे सर्व बाजूंनी खेळवली, की बीजाणूही मरतात.

विज्ञानाला एवढे सगळे कळले होते. तरीही एका चिमट्याने केवढा अनर्थ केला, याची एक खरी गोष्ट आहे. तिचा संबंध आपल्या महाराष्ट्राशी आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्याशा प्रयोगशाळेत रात्रंदिवस काम करून प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळ येथे गेली आणि तिथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस टोचण्याचे काम चालू होते. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस १९ जणांच्या वाट्याला आली. काही दिवसांतच त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. इतर बाटल्यांमधून लस घेतलेल्यांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही.

चौकशी झाली. बाटलीत जंतू मुंबईच्या प्रयोगशाळेतच शिरले असावेत, असा ठपका ठेवण्यात आला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. परंतु चौकशीच्या कागदपत्रांत एक छोटीशी नोंद होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो उकळून किंवा ज्योतीवर धरून निर्जंतुक करायला हवा होता. तसे न करता तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला गेला आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले गेले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणात राहतात. कार्बोलिकच्या एका बुडीने ते मरत नाहीत. मलेरियावरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ साली हाफकिन यांच्यावरील कलंक पुसला गेला. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले. आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणतो.

हाफकिन यांना त्यांचे नाव परत मिळाले. त्या १९ माणसांना मात्र त्यांचे प्राण परत मिळाले नाहीत. 'चिमटा पडला, दुसरा द्या.' हे चार शब्द त्या दिवशी बोलले गेले असते, तर?

आता आपण आपल्या जिल्ह्यात येऊ. जालना शहरात श्री गणपती नेत्रालय हे डोळ्यांचे मोठे रुग्णालय आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आपल्या भागातील पुष्कळ घरांना परिचयाची आहे. समजा, भोकरदन किंवा मंठा तालुक्यातील एखाद्या दादीला मोतीबिंदू झाला आहे. गावातील शिबिरात तिचे डोळे तपासले जातात आणि शस्त्रक्रियेसाठी तिला रुग्णालयात नेले जाते. पूर्वी अनेक ठिकाणी शाळेच्या वर्गात किंवा धर्मशाळेत टेबले मांडून शस्त्रक्रिया केल्या जात. त्यांतून हजारो लोकांना दृष्टी मिळाली, हे खरे. पण अशा जागी हवा, पाणी, उपकरणे यांवर पुरेसा ताबा ठेवता येत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात एका शिबिरातील शस्त्रक्रियांनंतर अनेक वृद्धांची दृष्टी गेली. म्हणून तपासणी गावात आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, हाच नियम योग्य आहे.

डोळ्याच्या बाबतीत एवढी काळजी का? डोळ्याच्या आतील पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या रक्तपेशी तिथे लवकर पोहोचत नाहीत. औषधही सहजासहजी पोहोचत नाही. आत शिरलेले जंतू एकदोन दिवसांतही दृष्टी हिरावून घेऊ शकतात.

म्हणून तयारी आधीपासून सुरू होते. दादीला स्नान करून, चेहरा धुऊन यायला सांगतात. शस्त्रक्रियेपूर्वी पापण्या आणि आजूबाजूची त्वचा पोव्हिडोन-आयोडीन या तपकिरी औषधाने पुसतात. त्याचेच सौम्य थेंब डोळ्यातही घालतात आणि काही मिनिटे थांबतात. आपल्या पापण्यांवर नेहमीच काही जंतू राहत असतात. डोळ्याला होणारा संसर्ग बहुधा त्यांच्यापासूनच होतो. म्हणून हे साधे औषध फार मोलाचे आहे.

उपकरणे धुऊन, गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात. गाठोड्यावर एक खास पट्टी चिकटवलेली असते. पुरेशी उष्णता मिळाली, की पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. रेघा उमटल्या नाहीत, तर ते गाठोडे वापरत नाहीत. गाठोडे ओले झाले किंवा फाटले, तरीही ते बाद. ओल्या कापडातून जंतू सहज आत शिरतात.

मग येतात हात. डॉक्टर आणि परिचारिका अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवतात. नखे कापलेली असतात. बोटांच्या टोकांपासून सुरुवात करून कोपरापर्यंत हात धुतात. धुताना हात कोपरापेक्षा वर धरतात. का बरे? पाणी बोटांकडून कोपराकडे वाहिले पाहिजे. ते उलट वाहिले, तर कोपराकडील जंतू पुन्हा बोटांवर येतील. काही ठिकाणी यासाठी अल्कोहोलयुक्त द्रवही वापरतात. 'अल्कोहोल' हा शब्द अरबीतील 'अल्-कुहल' या शब्दावरून आला आहे, आणि 'कुहल' म्हणजे सुरमा! शब्दांचा प्रवास किती लांबचा असतो, पाहा.

हात धुतल्यावर निर्जंतुक झगा आणि हातमोजे घालतात. त्यानंतर त्या माणसाचा फक्त पुढचा भाग, छातीपासून कमरेपर्यंत, निर्जंतुक मानतात. पाठ निर्जंतुक मानत नाहीत. हात कमरेखाली गेले, तर ते बाद. टेबलावर पसरलेल्या कापडाचा फक्त वरचा पृष्ठभाग निर्जंतुक. खाली लोंबणारा भाग नाही. निर्जंतुक वस्तूला निर्जंतुक नसलेल्या वस्तूचा स्पर्श झाला, तर ती निर्जंतुक राहत नाही. आणि शंका आली, तर ती वस्तू निर्जंतुक नाही असेच समजायचे. या खोलीत संशयाचा फायदा वस्तूला देत नाहीत, रुग्णाला देतात.

हे सर्व नियम वाचायला सोपे आहेत. ते पाळण्यात एक खरी अडचण आहे. समजा, शस्त्रक्रिया चालू असताना डॉक्टरांचा हातमोजा नकळत दिव्याला लागला. डॉक्टरांचे लक्ष डोळ्याकडे आहे. ही गोष्ट फक्त एका नव्या परिचारिकेने पाहिली. ती वयाने लहान, अनुभवाने कमी. बोलावे की गप्प बसावे? गप्प बसली, तर कोणालाही कळणार नाही. शस्त्रक्रिया संपेल, सगळे घरी जातील. कळेल ते दोन दिवसांनी, दादीचा डोळा लाल होऊन ठणकू लागल्यावर.

म्हणून चांगल्या रुग्णालयात नियम असा असतो, की जो पाहील त्याने बोलावे. मग तो सर्वांत ज्येष्ठ डॉक्टर असो किंवा कालच कामाला लागलेला मदतनीस. 'सर, हातमोजा दिव्याला लागला,' असे ती म्हणते. डॉक्टर रागावत नाहीत. ते थांबतात, हातमोजे बदलतात आणि पुढे काम करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक तपासणी-यादी जाहीर केली. उपकरणे निर्जंतुक असल्याची खात्री झाली आहे का, हा प्रश्न त्या यादीत आहे. तो मनातल्या मनात विचारायचा नसतो. सर्वांना ऐकू जाईल असा मोठ्याने विचारायचा असतो आणि परिचारिकेने त्याचे उत्तर द्यायचे असते.

चोरी पकडायला पोलीस असतात. गणितातील चूक पकडायला शिक्षक असतात. हातमोज्याला लागलेला जंतू पकडायला तिथे कोणी नसते. तिथे फक्त माणसाचा खरेपणा पहारा देतो.

शस्त्रक्रिया संपली, म्हणजे काम संपले असे नाही. दादी डोळ्यावर पट्टी बांधून घरी येते. आता तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालण्याचे काम पुष्कळदा घरातील शिकणाऱ्या मुलामुलींकडे येते. कारण बाटलीवरील आणि कागदावरील सूचना त्यांना वाचता येतात. थेंब घालण्यापूर्वी साबणाने हात धुवा. बाटलीचे टोक पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नका. झाकण उघडे ठेवू नका. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका. वजू करताना चेहऱ्यावर पाणी कधीपासून घेता येईल, हे दादीने घरी येण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. सुरमा, काजळ, मध, गुलाबपाणी यांपैकी काहीही डोळ्यात घालू नका. शेजारच्या खाला कितीही प्रेमाने सांगोत! डोळा दुखू लागला, अधिक लाल झाला किंवा कमी दिसू लागले, तर 'सकाळी बघू' असे म्हणू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आणि थेंब घालताना बाटलीचे टोक पापणीला लागलेच, तर? ते कोणी पाहिलेले नसेल. दादीलाही कळलेले नसेल. अशा वेळी रुग्णालयात फोन करून खरे ते सांगा आणि नवी बाटली वापरायची का, हे विचारा. औषधाची एक बाटली थोड्या पैशांत मिळते. दादीचा डोळा कोणत्याही दुकानात मिळत नाही.

शब्दार्थ

शस्त्रक्रिया – ऑपरेशन, जर्राही
शल्यचिकित्सक – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, जर्राह
परिचारिका – नर्स
रोगजंतू – रोग निर्माण करणारे सूक्ष्म जीव
तटबंदी – किल्ल्याची संरक्षक भिंत, फसील
बाळंतीण – नुकतीच प्रसूत झालेली स्त्री
शवविच्छेदन – मृत शरीर कापून केलेली तपासणी
धनुर्वात – शरीर ताठ करणारा एक घातक रोग
ठपका – दोष, इल्जाम
अनर्थ – मोठे संकट
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) सेमेलवाइस यांनी कशाने हात धुण्याची सक्ती केली?
(२) ऑटोक्लेव्ह कोणी व कोणत्या साली तयार केला?
(३) हाफकिन यांनी प्लेगची लस आधी कोणाला टोचली?
(४) धनुर्वाताचे बीजाणू कोठे राहतात?

प्र. २. कारणे लिहा.
(१) खाली पडलेला चिमटा पुसून शस्त्रक्रियेत वापरत नाहीत.
(२) धुतलेले हात कोपरापेक्षा वर धरतात.
(३) ओले झालेले गाठोडे बाद ठरते.
(४) डोळ्याच्या आतील संसर्ग फार घातक असतो.

प्र. ३. पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(१) 'स्वच्छ' आणि 'निर्जंतुक' यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.
(२) मुल्कोवाल येथे काय घडले?
(३) 'तिथे फक्त माणसाचा खरेपणा पहारा देतो,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(१) ऑटोक्लेव्हमधील वाफेचे तापमान ........ अंश सेल्सिअस असते.
(२) जो पाहील त्याने .........
(३) 'कुहल' या अरबी शब्दाचा अर्थ ........ असा आहे.

प्र. ५. भाषाभ्यास.
'निर्' हा उपसर्ग 'नसलेला' हा अर्थ दाखवतो. जसे – निर्जंतुक, निर्भय, निर्दोष. उर्दूतील 'बे' याच अर्थाने येतो. जसे – बेफिकीर, बेहोश. 'निर्' लागून झालेले आणखी तीन मराठी शब्द आणि 'बे' लागून झालेले तीन उर्दू शब्द लिहा. त्यांपैकी प्रत्येकी एका शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या तुमच्या नात्यातील एखाद्या व्यक्तीला भेटा. रुग्णालयाने त्यांना कोणत्या सूचना दिल्या होत्या, ते विचारून मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.